गायीसारखा गवय

शब्दाचा अर्थ माणसाला कळतो कसा, हा भारतीय दर्शनांतला एक जुना प्रश्न आहे आणि त्याच्या चर्चेत पुन्हा पुन्हा प्राणी येतात: गोठ्यातली गाय, स्वारीचा घोडा, लांब मानेचा उंट, नाकावर शिंग असलेला गेंडा, रानातला गवय. याला कारण आहे. प्राणी डोळ्यांनी पाहता येतो, त्याला नाव असते, एका नावाखाली हजारो प्राणी मोडतात आणि जवळपास तसाच दिसणारा दुसरा प्राणी भलत्याच नावाचा निघतो. शब्द आणि वस्तू यांच्या नात्यातल्या बहुतेक सगळ्या अडचणी एका जनावराच्या उदाहरणात सापडतात. मुलांना शब्दकोश पाहायला शिकवताना प्राण्यांच्या माहितीचा आधार घेण्याची रीत याच प्रश्नावर उभी आहे. तो प्रश्न नीट पाहिला तर कोश कसा शिकवावा याचेही बरेचसे उत्तर हाती लागते.

न्यायपरंपरेत शब्दार्थ कळण्याचे आठ मार्ग सांगितले जातात: व्याकरण, उपमान, कोश, विश्वासू माणसाचे सांगणे, व्यवहार, वाक्याचा पुढचा भाग, विवरण आणि ओळखीच्या शब्दाचा शेजार. कोश हा या आठांतला एक आहे. सर्वांत मूळचा मार्ग मात्र व्यवहाराचा मानला जातो. त्याचे ठरलेले उदाहरण असे: घरातला वडील माणूस दुसऱ्या एका मोठ्या माणसाला गाय आणायला सांगतो आणि तो गाय घेऊन येतो. जवळ बसलेले लहान मूल हे ऐकते, पाहते. पण ऐकलेल्या आवाजातला कोणता तुकडा कशासाठी होता हे त्याला उमगत नाही. थोड्या वेळाने गाय बांधायला आणि घोडा आणायला सांगितले जाते. आता काही आवाज तेच राहिले, काही बदलले. समोर घडलेल्या गोष्टींतही काही तेच राहिले, काही बदलले. या अदलाबदलीतून, जिला शास्त्रात आवाप-उद्वाप म्हणतात, मूल 'गाय' हा शब्द त्या जनावराशी जोडते. म्हणजे शब्द आधी वाक्यात भेटतो आणि मग वाक्यातून सुटा होतो. मीमांसा या दर्शनातल्या प्रभाकरांच्या अनुयायांनी तर यावरून पुढचे पाऊल टाकले आणि वाक्याच्या संबंधाबाहेर सुट्या शब्दाला अर्थच नसतो, असा पक्ष मांडला. कोशात शब्द सुटा छापलेला असतो. म्हणून मुलाने तो ज्या वाक्यात पाहिला ते वाक्य हाताशी ठेवूनच कोश उघडावा लागतो.

व्यवहाराचा मार्ग समोर असलेल्या वस्तूपुरता पुरतो. न पाहिलेल्या प्राण्याचे काय, या ठिकाणी गवयाचे उदाहरण येते. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या ग्रंथात ते थोडक्यात मांडलेले आहे. हा ग्रंथ बालांना सहज कळावे म्हणून लिहिला, असे ग्रंथकाराने आरंभीच सांगितले आहे. टीकाकार 'बाल' या शब्दाचा खुलासा करताना म्हणतात की ज्याचे व्याकरण, काव्य आणि कोश शिकून झाले आहे, पण न्यायशास्त्र व्हायचे आहे, तो बाल. पाठशाळेतल्या क्रमात कोश तर्काच्या आधी येत असे, हे त्यातून सहज कळते. उदाहरण असे: गावात राहणाऱ्या माणसाने 'गवय' हा शब्द ऐकलेला असतो, प्राणी पाहिलेला नसतो. तो रानातल्या माणसाला विचारतो आणि गवय गायीसारखा असतो, असे उत्तर मिळते. पुढे तो रानात जातो, गायीसारखे एक जनावर दिसते, ऐकलेले वाक्य आठवते आणि गवय म्हणतात तो हाच, असे ज्ञान त्याला होते. नैयायिक, म्हणजे न्यायपरंपरेतले विद्वान, या ज्ञानाला उपमिती म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्याबरोबरचे चौथे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, म्हणून त्यांनी उपमानाला स्थान दिले.

या प्रसंगात तीन टप्पे आहेत: वाक्य ऐकणे, प्राणी पाहणे, दोन्ही जुळणे. कोशातली नोंद म्हणजे यांपैकी फक्त पहिला टप्पा. रानातल्या माणसाचे छापलेले वाक्य. ते पाठ झाले म्हणजे अर्थ कळला, असे न्यायमताने म्हणता येणार नाही. गावकऱ्याला वाक्य समजले होते, तरी शब्द आणि प्राणी यांचा सांधा रानातच जुळला. मीमांसक याच प्रसंगाची उकल वेगळी करतात. त्यांच्या मते रानातले जनावर तर डोळ्यांनीच दिसते. उपमानाने जे नवे कळते ते घरच्या गायीविषयी कळते, की आपली गाय याच्यासारखी आहे. हा मतभेद बारीक वाटला तरी शिकवणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. अनोळखी प्राण्याची नोंद वाचल्यावर मुलाला ओळखीचा प्राणीही नव्याने दिसतो. वटवाघूळ पिलांना दूध पाजते, खरे उडणारे सस्तन प्राणी तेवढेच, हे वाचलेल्या मुलाच्या मनात 'पक्षी' या शब्दाची हद्द बदलते.

आता गवय म्हणजे नेमका कोणता प्राणी, हे पाहू गेले की कोशाची मर्यादा उघडी पडते. काही कोश गवय म्हणजे गयाळ म्हणतात, म्हणजेच अरुणाचल आणि नागालँडमध्ये पाळला जाणारा मिथुन. हिंदीतली न्यायाची पाठ्यपुस्तके बहुधा नीलगाय असा अर्थ देतात. मराठीतला 'गवा' हा शब्द गवयाच्या वंशातला, त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गवा येतो: काळपट अंगाचा, गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय असलेला, पाठीवर उंच कणा असलेला. तिन्ही प्राणी कमीअधिक 'गायीसारखे' आहेत. गवा आणि मिथुन गायीचे जवळचे नातलग. नीलगाय मात्र त्यांच्याइतकी जवळची नाही, तिचा जवळचा नातेवाईक चौशिंगा. तिच्या नराचा रंग निळसर राखाडी असतो आणि शिंगे आखूड असतात, मादी तांबूस आणि बिनशिंगाची असते. विदर्भात तिला रोही म्हणतात. उत्तरेत नावातल्या 'गाय' या दोन अक्षरांमुळे शेताची नासधूस झाली तरी अनेक शेतकरी तिच्यावर हात उचलत नाहीत. नाव चुकीचे की बरोबर हा प्रश्न कोशाचा, पण त्यावर एका जनावराचे जगणे-मरणे आणि माणसाची धर्मबुद्धी अवलंबून राहते. नाव देण्याच्या कामातली ही जबाबदारी मुलांना लहान वयातच दाखवावी इतकी मोठी आहे. राधानगरीच्या अभयारण्याचे उदाहरणही इथलेच. ते गव्यांसाठी प्रसिद्ध, पण बरीच वर्षे 'दाजीपूर बायसन अभयारण्य' या नावाने ओळखले गेले. बायसन हा अमेरिका आणि युरोपातला प्राणी. सह्याद्रीत आहे तो गवा.

केवळ साम्य सांगून भागत नाही, हे जुन्या टीकाकारांना ठाऊक होते. 'तर्कसंग्रह'वरच्या टीकांत उपमानाचे तीन प्रकार केलेले आढळतात आणि तिन्हींची उदाहरणे प्राण्यांचीच आहेत. पहिला साम्याचा, गवयाचा. दुसरा खास खुणेचा: गेंडा कसा, तर नाकावर एक शिंग मिरवणारा आणि आकाराने हत्तीच्या वळणाचा. तिसरा फरकाचा: उंट कसा, तर घोड्यासारखी सपाट पाठ आणि आखूड मान नसलेला. कोशातली नोंद चांगली की वाईट हे तपासायला याहून सोपी कसोटी मिळणे कठीण. ज्या नोंदीत साम्य, खूण आणि फरक तिन्ही आहेत ती वाचून मूल प्राणी ओळखू शकते. 'एक जंगली पशू' एवढेच लिहिलेली नोंद वाचून त्याला काहीही ओळखता येत नाही. खास खूणही प्रदेशाला बांधलेली असते. भारतातल्या गेंड्याला एकच शिंग असते, आफ्रिकेतल्या दोन्ही जातींच्या गेंड्यांना दोन. टीकाकाराचे वाक्य काझीरंग्यात चालते, केनियात चालत नाही.

इथून विषय लक्षणाकडे, म्हणजे व्याख्येकडे वळतो. व्याख्येचे तीन दोष न्यायशास्त्रात सांगितले आहेत आणि त्यांच्यासाठीही गायच उभी केली आहे. 'तांबूस रंगाची ती गाय' असे म्हटले तर पांढऱ्या गायी सुटतात, ही अव्याप्ती. 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले तर म्हैस आणि बकरीही आत शिरतात, ही अतिव्याप्ती. 'अखंड खुराची ती गाय' म्हटले तर एकही गाय सापडत नाही, कारण गायीचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. मग निर्दोष लक्षण कोणते? सास्ना, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी. दहा वर्षांच्या मुलाला हे तीन दोष एका तासात समजतात. गाय ओळखीची असते आणि चूक कुठे झाली हे त्याला स्वतःच दाखवता येते. त्यानंतर कोशातली कोणतीही नोंद वाचताना तो आपोआप विचारतो: यातून कोण सुटले, आणि कोण उगाच आत आले?

पण सास्नेचे लक्षणही जितके वाटते तितके पक्के नाही. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात व्याकरणकार पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी 'गो' हा शब्द म्हणजे काय याची चर्चा करताना गायीच्या खुणा मोजल्या: पोळी, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगे. त्यांच्यासमोर होती ती वशिंडाची देशी गाय. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांत होल्स्टीन आणि जर्सी गायी आहेत. त्यांना वशिंड नसते आणि पोळीही देशी गायीइतकी लोंबती नसते. देशी जातींतही गीर गायीची पोळी मोठी लोंबती, तर खिलारची आटोपशीर. दुसरीकडे, गळ्याखाली कातडी फक्त गायीलाच असते असेही नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा राहतो. त्याच्या नराच्या गळ्याखाली निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगांचा पंखा उघडतो. २०१६ मध्ये या सरड्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्याच्या प्रजातीला मराठी शब्दावरूनच 'सरडा' हे नाव दिले गेले. पूर्ण नाव 'सरडा सुपर्बा'. सास्नेचे लक्षण गुरांच्या वर्तुळात चालते, त्याबाहेर नाही. वर्तुळ न सांगता खूण सांगितली की व्याख्या ढासळते. म्हणून कोशातल्या चांगल्या नोंदीत आधी वर्ग येतो, 'एक गूर', 'एक पक्षी', 'एक कीटक', आणि मग खूण.

'गाय' हा शब्द नक्की कशाचे नाव, या प्रश्नावर दर्शनांत सर्वांत मोठा वाद आहे. समोरच्या एका गायीचे? सर्व गायींच्या सारख्या आकाराचे? की गायपणाचे? न्यायसूत्रांनी व्यक्ती, आकृती आणि जाती तिन्हींना पदाच्या अर्थात जागा दिली. मीमांसकांनी कौल दिला तो जातीच्या बाजूने, कारण यज्ञाचा विधी एखाद्या ठरावीक गायीविषयी बोलत नसतो. बौद्ध आचार्य दिङ्नागांनी तिसरीच वाट काढली. गायपण नावाची वस्तू जगात कुठेच नाही. गाय हा शब्द गाय नसलेल्या सगळ्यांना बाजूला सारतो, एवढेच त्याचे काम. याला अपोह म्हणतात. यावर मीमांसक कुमारिलांचा आक्षेप असा की गाय माहीत असल्याशिवाय गाय नसलेले तरी कसे ओळखायचे? आक्षेप वजनदार आहे. तरी कोश वापरणाऱ्या मुलाच्या मनात प्रत्यक्षात जे घडते ते अपोहाशी बरेच जुळते. 'अंगावर ठिपके असलेला मांजरकुळातला प्राणी' हे बिबट्यालाही लागू पडते आणि चित्त्यालाही. बिबट्याचे ठिपके फुलासारखे, मध्ये पोकळ, चित्त्याचे भरीव. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ ओघळलेली असते, बिबट्याच्या नसते. भारतातला चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले गेले. मधल्या सत्तर वर्षांत मराठी मुलांना 'चित्ता' हा शब्द होता, पण देशातल्या रानात तो प्राणी नव्हता. शब्दाचा अर्थ व्यक्ती नव्हे, याला इतका ठसठशीत पुरावा क्वचितच मिळेल.

मराठी कोशात प्रत्येक नामापुढे लिंग दिलेले असते, पु., स्त्री., न. अशा खुणांनी. प्राण्यांच्या बाबतीत ही खूण मुलांना फसवते आणि म्हणूनच उपयोगी पडते. मुंगी स्त्रीलिंगी आणि मुंगळा पुल्लिंगी. पण मुंगळा हा मुंगीचा नर नव्हे, ती वेगळी, मोठी जात आहे. डास पुल्लिंगी, आणि चावून रक्त पिते ती मात्र फक्त मादी. कावळा म्हटले की कावळ्यांची मादीही त्यातच आली, घार म्हटले की नरही. मांजर नपुंसकलिंगी, त्याचा नर बोका, मादी भाटी. वासरू, रेडकू, शिंगरू, करडू, कोकरू, पाडस ही सगळी पिले नपुंसकलिंगी. शब्दाचे लिंग आणि प्राण्याचे लिंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे मुलाला स्वतःच सापडते. शब्द आणि वस्तू एक नाहीत, या कळीच्या दार्शनिक भेदाशी त्याची गाठ बहुधा इथेच पहिल्यांदा पडते.

कोशाचा क्रम हाही निव्वळ सोयीचा भाग नाही. अमरसिंहाचा 'अमरकोश' शतकानुशतके मुलांनी पाठ केला. त्यात अक्षरांचा क्रम नाही, विषयांचे वर्ग आहेत. सिंह, वाघ, माकड आणि पक्षी सिंहादिवर्गात येतात. हत्ती आणि घोडे मात्र क्षत्रियवर्गात, कारण ते सैन्याचे. गाय, बैल, उंट, शेळ्या-मेंढ्या वैश्यवर्गात, कारण ते धन. कुत्रा शूद्रवर्गात, शिकाऱ्याबरोबर. प्राण्याची जागा त्याच्या शरीरावरून ठरलेली नाही. माणसांच्या समाजात तो कोणाकडे राहतो यावरून ठरलेली आहे. समाजाची उतरंड अशी प्राण्यांवरही छापली गेली आणि पाठांतरातून पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात उतरली, ही गोष्ट दुखरी आहे आणि ती झाकू नये. वर्णक्रमाच्या कोशात गाढव आणि गाय एकाच पानाच्या आसपास येतात, कोणी वरचे नाही, कोणी खालचे नाही. देवनागरीचा क्रम मुळात तोंडातल्या उच्चारस्थानांवर बसवलेला आहे: कंठापासून ओठांपर्यंत आधी क ते म, मग य ते व. हे कळलेल्या मुलाला 'ढ' आधी की 'य' आधी, हे घोकावे लागत नाही. क्ष आणि ज्ञ कुठे शोधायचे हा प्रश्न उरतोच. काही कोशांत ते क आणि ज यांच्या पोटात असतात, काहींत शेवटी. अनुस्वाराची जागाही कोशागणिक बदलते, त्यामुळे नवा कोश हाती आला की 'क्षेमकरी' आणि 'अंडज' हे दोन शब्द आधी शोधून पाहणे बरे.

मराठी मुलाची खरी अडचण त्याआधीच सुरू होते. पुस्तकात 'सशाला', 'उंदराने', 'गाईच्या' असे दिसते. कोशात ससा, उंदीर, गाय. सामान्यरूपातून मूळ रूप काढता आल्याशिवाय कोश उघडून उपयोग नाही. 'माशांना' म्हणजे मासा आणि 'माश्यांना' म्हणजे माशी. मधला एक 'य' चुकला की मूल तळ्यातून उकिरड्यावर जाते. शब्द सापडल्यावर पुढची अडचण अनेक अर्थांची. पाल भिंतीवरची आणि पाल म्हणजे राहुटीही. घोडा तबेल्यातला, बुद्धिबळातला आणि बंदुकीचा. गोम म्हणजे पुष्कळ पायांचा किडा आणि गोम म्हणजे प्रकरणातले मर्मही. संस्कृतात याचे टोक 'हरि' या शब्दात दिसते. अमरकोशाने त्याचे जे अर्थ दिले आहेत त्यांत विष्णू आहे, इंद्र आहे, सूर्य-चंद्र आहेत, आणि सिंह, घोडा, माकड, पोपट, साप, बेडूकही आहेत. वारीत हरिनाम घेणाऱ्याच्या मनात बेडूक येत नाही. ते कोशामुळे नव्हे, संदर्भामुळे. व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीय'मध्ये अशा वेळी अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. सोबत काय आहे, काय नाही, प्रसंग कोणता, स्थळ-काळ कोणता. शंख-चक्रासह हरि म्हटले की विष्णू ठरतो.

राहतो प्रश्न अधिकाराचा. कोश सांगतो ते खरे का मानायचे? मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचे नाते कोणी निर्माण केलेले नाही, ते नित्य आहे. नैयायिकांच्या मते तो संकेत आहे, जुन्या शब्दांपुरता ईश्वराने ठरवलेला. शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्कांच्या निरुक्तात याहूनही जुना वाद नोंदलेला आहे. सगळी नामे क्रियापदांपासून झाली, असे शाकटायन म्हणत. गार्ग्यांच्या पक्षाचा आक्षेप असा की तसे असेल तर जो जो वाट तुडवतो त्या प्रत्येकाला 'अश्व' म्हणावे लागेल. आणि कावळ्याचे 'काक' हे नाव त्याच्या आवाजाची नक्कल आहे, पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा होते, हेही यास्कांनी लिहून ठेवले. टिटवीची हाक ऐकलेल्या मुलाला ते समजावून सांगावे लागत नाही.

कोशाच्या अधिकाराविषयी सर्वांत कामाचे उत्तर वात्स्यायनांच्या न्यायभाष्यात आहे. विश्वासू म्हणजे आप्त कोण, तर ज्याने वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू आहे, असे ते पुढे स्पष्ट म्हणतात. गवयाच्या गोष्टीत आप्त आहे तो रानातला माणूस. गावातल्या विद्वानाने त्याच्याकडे जाऊन विचारले आहे. प्राण्यांच्या नोंदींचे खरे जाणकार आजही धनगर, कोळी, कातकरी, गोंड आणि रानाकडेला राहणारे शेतकरी आहेत, आणि त्यांचे कितीतरी शब्द छापील कोशांत अजून आलेले नाहीत. चंद्रपूरच्या एखाद्या शाळेत 'नीलगाय' या नोंदीशेजारी मूल आपल्या वहीत 'रोही' असे लिहिते, नराचा रंग आणि मादीचे बिनशिंगी डोके लिहिते, आणि घरी जाऊन आजोबांना विचारून आणखी एक खूण जोडते. त्या वेळी ते कोश वाचत असते आणि रचतही असते.